डोंगळे फुलले की

जानेवारी सरत आला की माझा पाय घरात ठरत नाही. म्हणजे मी असते घरातच, नाशिकच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सातवीच्या वह्या तपासत. पण एक वही तपासून होईपर्यंत तीनदा उठते. गॅसवर काही ठेवलेलं नसताना गॅस बघून येते. सकाळी पाणी घातलेल्या तुळशीला पुन्हा पाणी घालते. नवरा म्हणतो, परीक्षा मुलांची आहे की तुझी? सराव परीक्षा तोंडावर असतात, पेपर काढायचे असतात, म्हणून मीही त्याला हो म्हणून टाकते. पण मला ठाऊक असतं, हे परीक्षेचं नाही. तिकडे लासलगावच्या अलीकडे, माझ्या माहेरच्या वावरात, डोंगळे फुलायला लागलेले असतात.

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेले कांदे. शाळेतल्या मैत्रिणींना हे मला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. रोज कांदा चिरणाऱ्या बायका, पण कांद्याला फूल येतं म्हटलं की अर्ध्याजणींच्या भुवया वर जातात. दिवाळीनंतर निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना हिरवे पोकळ दांडे फुटतात, कमरेपर्यंत येतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला चेंडूएवढा पांढरा गोंडा धरतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. त्या फुलांमधून काळं बी निघतं, त्याला आमच्याकडे उळं म्हणतात. वावर भरात आलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला दुधाचं पातेलं उतू गेल्यासारखं दिसतं. वास मात्र विचित्र, थोडा उग्र, थोडा गोड. माझ्या नाकात तो असा बसलाय की फेब्रुवारीत नाशिकला रस्त्याने चालताना मी मध्येच थांबते आणि मागचा स्कूटरवाला वैतागतो.

आमचं उळं विकतचं नाही, आईचं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने ते तिच्या माहेराहून, चांदवडकडून, रुमालात बांधून आणलं. तेव्हापासून दरवर्षी कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यांतून डोंगळ्यांसाठी कांदे निवडायचं काम तिने कुणाला करू दिलेलं नाही. गोल हवा, मान बारीक हवी, जोडकांदा नको. मग विळ्याने वरचा भाग कापून आत बघायचं, एकच डोळा, म्हणजे कोंब, असेल तर ठेवायचा, दोन असले तर भाजीत. संदीप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिला म्हणायचा की बाजारात चांगली पाकिटं मिळतात. आई ऐकून घ्यायची आणि पुढचा कांदा उचलायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की पाकिटातला कांदा कोणाचा आहे ते कळत नाही.

या बियाण्याची एक कटकट आहे. ते टिकत नाही. पहिल्या वर्षी जोमाने उगवतं, दुसऱ्या वर्षी निम्मं, तिसऱ्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. गहू-बाजरीसारखं कणगीत ठेवून विसरून जाता येत नाही. डोंगळे लावायचे, फुलायचे, फुलांवर माशा बसायच्या, बी धरायचं. यातली एक गोष्ट चुकली की आईचा कांदा संपण्याची वेळ येते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी ते केलं.

आमच्या वावराच्या पूर्वेला मोठा बांध आहे. आमचा आणि शेजाऱ्यांचा सामाईक. त्यावर बोराटीची काटेरी झुडपं, निरगुडी, तरवड, एक वाळून उभी राहिलेली बाभूळ, आणि पावसाळ्यानंतर एकदांडीची पिवळी बारीक फुलं. आई दिवाळीनंतर त्या बांधावरची काडीसुद्धा चुलीला आणू द्यायची नाही. वाळलेली बाभूळही पाडू द्यायची नाही. बाभळीला गोल भोकं होती, त्यांत काळे भुंगे शिरायचे. बांधाच्या उघड्या मातीतही पेन्सिल जाईल एवढी भोकं होती. मी ती मुंग्यांची समजायचे. बोराटीत, हात घातला तर काटे लागतील अशा जागी, फुलोरी माशीचं पोळं असायचं, तळहाताएवढं. फुलोरी म्हणजे आपल्याकडची अगदी लहान मधमाशी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पोटाशी तांबूस. कुणी पोळं काढायला आलं तर आई त्याला चहा पाजून परत पाठवायची.

मला तो बांध कधीच आवडला नाही. मी नीटनेटकेपणाची बाई आहे. वहीत समास सोडला नाही तर मी पान परत लिहायला लावते. घरी आले की आधी तो बांध डोळ्यांत खुपायचा.

ज्या वर्षी शाळा मोबाइलवर भरत होत्या, त्या वर्षी मी नोव्हेंबरपासून माहेरीच राहिले. घरात नेटवर्क यायचं नाही, ते यायचं फक्त बांधाजवळ. मग तिथे सतरंजी टाकून मी तास घ्यायचे. मागून सतत गुंई गुंई. एखादी माशी मोबाइलच्या काचेवर बसायची, मुलं हसायची. एकदा बोराटीखालून धामण गेली आणि मी तास अर्ध्यावर सोडून पळाले. डिसेंबरमध्ये मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई तिच्याकडे इगतपुरीला गेली आणि मी संदीपच्या मागे लागले की एवढा बांध साफ करून टाक. तो म्हणाला, आई येऊ दे. मी म्हणाले, आई आली की ती कधीच करू देणार नाही. या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

दुपारी त्याने खालच्या वाळल्या गवताला काडी लावली. बोराटी ओल्या लाकडासारखी धुमसत राहिली, मग एकदम पेटली. धुरात मला एक काळसर पुंजका उठताना दिसला, वर गेला, फाटला, दिसेनासा झाला. बाभूळ दुसऱ्या दिवशीपर्यंत आतून जळत होती. सगळं विझल्यावर बांध काळा, सरळ, मोकळा झाला, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? झाडून काढलेल्या अंगणाकडे बघून वाटतं तसं अगदी बरं वाटलं. मी तिथे खुर्ची टाकून तास घेतला.

आई आली ती एसटीतून उतरून थेट वावरात. बांधापाशी उभी राहिली. तिने एकच विचारलं, "निरगुडीबी जाळली?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात संदीप म्हणाला, मी पेटवला. नंतर मी त्याला विचारलं की असं का सांगितलंस. तो म्हणाला, ताई, तू चार दिवसांची, माहेरवाशिणीला कशाला बोल लावायचा? आमच्याकडे हे असंच चालतं. माहेरी आलेल्या मुलीचं चुकतच नाही. तेव्हा मला ते मायेचं वाटलं आणि सोयीचंही वाटलं. मी गप्प बसले.

जानेवारीच्या शेवटी गोंडे उमलले. वावर नेहमीसारखं पांढरं झालं, वासही तोच. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते मला दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर तास घेताना लक्षात आलं. आवाज नव्हता. मुलांचे आवाज स्वच्छ ऐकू येत होते, मागे काहीच नव्हतं. लांबच्या द्राक्षबागेतला ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत होता. मी फोन खाली ठेवून गोंड्यांमधून चालत गेले. एक फुलपाखरू दिसलं, दोन-चार काळ्या मुंग्या दिसल्या. एवढं मोठं पांढरं वावर आणि त्याच्यावर कोणी नाही.

संदीपने गुळाचं पाणी फवारलं. माशा गोडाला येतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कांदालागवडीला दरवर्षी पेठ तालुक्यातून येणाऱ्या जिजाबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी पंपातून उडणाऱ्या त्या गोड पाण्याकडे पाहिलं, काळ्या बांधाकडे पाहिलं. "राहायला घर नाय, आन जेवायला बोलावता," त्या म्हणाल्या आणि खुरपायला बसल्या. गुळाला मुंगळे आले.

मग आईने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. सकाळी दव वाळलं की ती वावरात शिरायची आणि एकेका गोंड्यावरून तळहात फिरवायची. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, हलका. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, त्यावरून पुढच्यावर. हाताला पिवळी पूड लागते, ती पुढच्या फुलाला लागते. माशीचं काम. मी, संदीप, भावजय ज्योती, जिजाबाई, आम्ही सगळे रांगा धरून तेच करू लागलो. पहिल्या दिवशी गंमत वाटली. चौथ्या दिवशी खांदे भरून आले. दहाव्या दिवशी तळहात सालटल्यासारखे झाले, भाकरी खाताना कांद्याचा वास, तोंड धुताना कांद्याचा वास. आणि एका गोंड्यातली सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत. आज दहा, उद्या वीस, म्हणजे त्याच गोंड्याकडे पुन्हा पुन्हा यायचं. रांगेच्या टोकाला पोचून मागे वळून पाहिलं की आपण काहीच केलं नाही असं वाटायचं. एवढीशी माशी हे काम किती पटकन उरकते, या विचाराने मला रडू यायचं आणि रागही यायचा, स्वतःचा.

त्याच आठवड्यात सातवीला परागीभवन शिकवायचं होतं. एका हातात मोबाइल, दुसरा हात गोंड्यावर. मी पुस्तकातली वाक्यं वाचत होते, कीटक परागकण वाहून नेतात वगैरे. एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही काय करताय? मी म्हणाले, प्रात्यक्षिक. वर्गात सगळ्यांना मजा वाटली. फोन बंद करून मी बांधावर बसले आणि मला पहिल्यांदा त्या मातीतली भोकं दिसली, राखेने बुजलेली. ती मुंग्यांची नव्हती. तीही माशांचीच होती. अशा माशा पोळं बांधत नाहीत, एकेकट्या राहतात, मातीत. इतकी वर्षं मी विज्ञान शिकवत होते आणि माझ्या घराच्या बांधावर कोण राहतं ते मला माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये गोंडे खुडले, वाळवले, चोळले. बी काळं दिसत होतं, भरपूर दिसत होतं. आईने ते पाण्याच्या बादलीत टाकलं आणि बहुतेक सगळं तरंगलं. पोचट. तळाशी जे बसलं ते तिने फडक्यावर पसरलं. दोन ओंजळीही भरल्या नाहीत. एरवी आम्ही आमची रोपं टाकून उरलेलं बी भाऊबंदांना द्यायचो. त्या वर्षी संदीपने पाकिटं आणली आणि आईने त्या दोन ओंजळींचा एक लहान वाफा वेगळा टाकला. साऱ्या पावसाळ्यात ती त्या वाफ्यावर डोळ्यांत तेल घालून होती. त्यातून जे कांदे आले, त्यातून तिचं पुढच्या वर्षीचं सगळं. वाचलं, पण थोडक्यात वाचलं.

त्यानंतर दर जानेवारीत, कोणी पाहुणा आला आणि बांधाचा विषय निघाला की आई म्हणायची, आमच्या संदीपने पेटवला होता. रागाने नाही, पाऊस कमी झाला होता असं सांगावं तसं. संदीप हसायचा. मी चहाच्या कपात बघायचे. दरवर्षी ठरवायचे की या खेपेला सांगायचं, आणि दरवर्षी काही ना काही कारण निघायचं. जानेवारीत माझा पाय ठरत नाही तो यामुळे.

आईने बांधाला पुन्हा हात लावला नाही. म्हणजे कुणाला लावू दिला नाही. निरगुडीच्या काड्या रोवल्या, बोराटी मुळापासून आपोआप फुटली, डोंगळ्यांच्या कडेने कोथिंबिरीची एक ओळ खुडायची नाही, फुलू द्यायची, असं ठरलं. पहिल्या वर्षी एकही माशी नाही, पुन्हा हातच. दुसऱ्या वर्षी ज्योतीचा फोन आला की ताई, पाच-सहा दिसल्या. तिसऱ्या वर्षी अर्ध्या वावरात हात फिरवावा लागला नाही. मी नाशिकहून रोज विचारायचे. आमच्या सोसायटीत झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशा बसवल्यात, पान पडलं की लगेच झाडलं जातं. पूर्वी मला त्याचा अभिमान होता. आता गॅलरीतून खाली बघितलं की गुदमरायला होतं.

दोन वर्षांपासून आईला ऐकू येत नाही. मशीन आणलंय, ते डबीत असतं. तरी ती वावरात जाते आणि जो भेटेल त्याला विचारते, आवाज हे का? कोणी हो म्हटलं की तिला ते पुरतं की नाही, कळत नाही, कारण ती दुसऱ्यालाही विचारते.

या वर्षी गोंडे उमलले आणि संदीपचा फोन आला. शेजाऱ्यांना द्राक्षबाग लावायचीय. बांध काढून मध्ये तारेचं कुंपण घालायचं, दोघांचीही जमीन वाढेल, सोमवारी जेसीबी येतोय. तो त्यांना अर्धवट हो म्हणून बसला होता. "आईला तू समजाव," तो म्हणाला, "तुझं ऐकती ती. तसाही तुला तो बांध कधी आवडला नाय." फोन ठेवल्यावर मी घरभर फिरले. गॅस बघितला, तुळस बघितली. रविवारी सकाळी पहिल्या एसटीत बसले. निफाडपर्यंत खिडकीतून नुसती बघत होते, काही दिसत नव्हतं.

वावराच्या कडेला पोचले आणि थांबले. आवाज होता. पूर्वीइतका नसेल, मला आता पूर्वीचं नीट आठवत नाही, पण होता. गोंड्यागोंड्यावर फुलोरी, मागच्या पायांना पिवळे गोळे, एक उठली की दुसरी बसत होती. कोथिंबिरीवर, निरगुडीवर, सगळीकडे. आणि बांधाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चुन्याची सरळ पांढरी रेघ मारलेली होती. सरळ रेघ मला आवडते. त्या दिवशी ती नकोशी झाली.

संदीप बांधावरच उभा होता. मी त्याला म्हणाले, जेसीबी येणार नाही, शेजाऱ्यांना नाही म्हणून सांग, बांध राहू दे.

"तव्हा पेटव म्हणलीस. आता ठेव म्हणती," तो म्हणाला. "करतो त्यांना फोन. पण दोन्ही टायमाला आईपुढं मीच व्हायचं का?"

त्याचं काही चुकत नव्हतं. इतकी वर्षं त्याने एकदाही हे काढलं नव्हतं, आणि मी ते त्याला पचलंय असं धरून चालले होते. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी डोंगळ्यांत शिरले.

आई मधल्या रांगेत होती, कमरेत वाकलेली. गरज नव्हती तरी तिचा हात सवयीने एका गोंड्यापाशी गेलेला होता. मला बघून हसली आणि आधी तेच विचारलं, आवाज हे का? मी मान हलवली. मग म्हणाले, आई, बांध संदीपने नाही पेटवला. मी सांगितलं होतं पेटवायला.

"आं?" आई म्हणाली.

मी जरा मोठ्याने सांगितलं. तिने कानामागे हात धरला आणि डोळे बारीक केले. मशीन अर्थातच डबीत. हे वाक्य मी इतक्या जानेवारीत मनात इतक्या तऱ्हांनी बोलले होते, हळू आवाजात, चुलीपाशी, तिचा हात हातात घेऊन. ओरडून बोलावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. मी छातीत हवा भरून घेतली.

"आई, बांध मी जाळायला लावला होता. मी. संदीपनं नाही."

पलीकडच्या वावरातल्या बाया खुरपं थांबवून बघायला लागल्या. बांधावर संदीपने फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली. मी वर्गात पाठांतर विसरलेल्या मुलीसारखी उभी होते.

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. गोंड्यावर टेकायला आलेला तळहात तिने हळूच मागे घेतला आणि दोन बोटं ओठांवर ठेवली.

"वरडू नको," ती म्हणाली. "बसल्यात त्या."